वाड्यातली शाळा

फ्रान्सच्या दक्षिणेला, गारोन नदीच्या काठावर तुलूझ नावाचं शहर आहे. आज जग या शहराला विमानांच्या कारखान्यांमुळे ओळखतं, आणि त्याच व्यवसायामुळे माझी काही वर्षं तिथे गेली. पण स्मरणिकेसाठी काही लिही असा निरोप आला तेव्हा विमानांऐवजी तिथलं एक जुनं घर आठवलं. पाचशे वर्षांपूर्वी रंगाच्या एका व्यापाऱ्याने ते बांधलं. त्याचा मागचा भाग मध्ययुगीन धाटणीचा आहे, पुढचा प्रबोधनकाळाचा. आणि गेली साडेचारशे वर्षं त्या घरात शाळा भरते आहे.

शाळेच्या स्मरणिकेत फ्रान्समधल्या घराचा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. त्याला कारण आहे. आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीचं काय करायचं, हा विषय मागच्या मेळाव्यापासून आपल्यात चालू आहे. पाडून चार मजली नवी बांधावी असं काहींना वाटतं, दुरुस्त करून ठेवावी असं काहींना. त्या चर्चेत मला पुन्हा पुन्हा हा वाडा आठवत राहिला. म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो, आणि माझं मत शेवटी.

हॉटेल नव्हे, वाडा

या घराचं नाव ‘ओतेल द बेर्नुई’. ओतेल म्हणजे आपलंच हॉटेल, पण तिथे ना मिसळ मिळते ना खोली. फ्रेंच भाषेत शहरातल्या श्रीमंत माणसाच्या मोठ्या खासगी घराला ओतेल म्हणायची जुनी पद्धत आहे. मराठीत त्याला सरळ ‘वाडा’ म्हणावं. रचनाही वाड्यासारखीच. रस्त्याकडे भिंत आणि मोठा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या. घराचं वैभव रस्त्यावरून दिसत नाही, दरवाजा ओलांडल्यावर दिसतं.

बेर्नुईच्या वाड्याला दोन चौक आहेत. दरवाजातून आत गेलं की पहिला चौक दगडी, कोरीव, दिमाखदार. तिथून टोकदार कमानींच्या छताखालून जाणारी एक बोळवजा वाट दुसऱ्या चौकात नेते. दुसरा चौक विटांचा, साधा, आणि त्याच्या एका बाजूला आठ कोनांचा उंच मनोरा. गंमत अशी की माणूस आत जातो तसा काळ मागे जातो. दर्शनी चौक १५३० नंतरचा आहे, मागचा चौक आणि मनोरा १५०३-०४ च्या सुमाराचे. मधे जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचं अंतर, पण बघणाऱ्याला दोन वेगळी शतकं वाटावीत.

हे समजायला तुलूझची वीट समजून घ्यावी लागते. या शहराच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही. गारोनच्या खोऱ्यात चिकणमाती मात्र भरपूर. म्हणून रोमन काळापासून इथे विटेचं बांधकाम होत आलं. इथली जुनी वीट आपल्या विटेसारखी नसते. साधारण ४२ सेंटिमीटर लांब, २८ रुंद आणि फक्त ५ सेंटिमीटर जाड, म्हणजे पहिलीत आपण बडवायचो त्या दगडी पाटीपेक्षाही मोठी. भाजल्यावर तिला गुलाबीकडे झुकणारा रंग येतो, त्यामुळे शहराचं टोपणनावच ‘गुलाबी नगरी’. अशा गावात दगडाचा चौक बांधणं म्हणजे दगड लांबून आणवणं. आपल्याकडे कोकणात कुणी जांभा सोडून संगमरवराचं घर बांधलं तर गावकरी जसे बघतील, तसंच तुलूझकरांनी बेर्नुईच्या चौकाकडे पाहिलं असणार.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १४६३ मध्ये तुलूझला भयंकर आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. तेव्हाची बरीच घरं लाकडी सांगाड्यांची होती. आगीनंतर ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी विटांची पक्की घरं बांधायला सुरुवात केली. आणि त्या पिढीत तुलूझमध्ये पैसा होता. तो आला होता निळ्या रंगातून.

निळ्या रंगाचा पैसा

मोहरीच्या कुळातली एक वनस्पती आहे. फुलं पिवळी, पानं हिरवी, पण त्या पानांतून निळा रंग निघतो. फ्रेंचमध्ये तिला ‘पास्तेल’ म्हणतात. तुलूझ, आल्बी आणि कार्कासोन या तीन गावांमधल्या सुपीक पट्ट्यात तिची शेती होई. युरोपात निळं कापड रंगवायला तेव्हा हाच मुख्य रंग होता.

पण पानापासून रंगापर्यंतचा रस्ता लांब. पानं तोडायची, तीही एका हंगामात अनेक वेळा. घाण्यासारख्या दगडी चक्कीखाली त्यांचा लगदा करायचा, लगदा निथळू द्यायचा, हाताने त्याचे गोळे वळायचे आणि ते कित्येक आठवडे वाळत ठेवायचे. पुढे ते गोळे फोडून, पाणी शिंपडून महिनोन्महिने आंबवायचे. मग जो काळपट भुगा उरे तो पोत्यांत भरून बोर्दोच्या बंदरातून लंडनला, अँटवर्पला आणि स्पेनला जाई. या गोळ्यांना ‘कोकान्य’ म्हणत. फ्रेंच भाषेत सुबत्तेच्या देशाला ‘पेई द कोकान्य’ म्हणतात. जिथे घरोघरी हे गोळे वाळत असत तो देश श्रीमंत, यावरूनच तो शब्द आला असं तुलूझचे लोक अभिमानाने सांगतात.

शेतात पेरल्यापासून पोतं विकलं जाईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जाई. तोवर शेतकऱ्याला उचल कोण देणार, माल साठवून कोण ठेवणार, जहाजाचा धोका कोण पत्करणार? हे ज्याला जमलं तो व्यापारी पाहता पाहता सावकार झाला. साधारण १४६० ते १५६० या शंभर वर्षांत तुलूझमध्ये अशी अनेक घराणी उभी राहिली. त्यांतला अग्रगण्य होता ज्याँ द बेर्नुई.

हा मुळात तुलूझचा नव्हेच. त्याचं घराणं स्पेनमधल्या बुर्गोसचं. बुर्गोस हे लोकरीच्या व्यापाराचं मोठं केंद्र, आणि लोकर म्हटली की रंग आलाच. ज्याँ तुलूझमध्ये स्थायिक झाला, पास्तेलच्या व्यापारात मोठा झाला, आणि १५३३ मध्ये ‘कापितूल’ म्हणजे नगराच्या कारभारी मंडळाचा सदस्य झाला. परगावातून आलेल्या माणसाला गावाने आपलं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. त्याचा वाडा हा त्या प्रवासाचा पुरावा आहे.

दोन चौक

सन १५०३ मध्ये बेर्नुईने बांधकाम काढलं तेव्हा त्याने गावातल्या प्रतिष्ठित माणसाला शोभेल असं घर बांधलं. तुलूझमध्ये प्रतिष्ठेची खूण म्हणजे जिन्याचा मनोरा. आपल्याकडे कुणाच्या दारात हत्ती झुलतो यावरून मान ठरे, तसा तिथे कुणाचा मनोरा किती उंच यावरून. बेर्नुईचा मनोरा जुन्या तुलूझमधल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी एक. आत गोल फिरत जाणारा जिना. या मनोऱ्याच्या खिडक्या मला फार आवडल्या. त्या सपाट भिंतीत नाहीत, दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरच काढल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक खिडकी काटकोनाऐवजी वळण घेऊन दोन्ही बाजूंना उघडते. भिंतीचा कोपरा हा बांधकामातला भार पेलणारा भाग, तिथेच भोक पाडायचं आणि वर आणखी मजले चढवायचे, हे गवंड्याच्या हातातलं कसब आहे. हे सगळं काम गॉथिक, म्हणजे मध्ययुगाच्या परंपरेतलं. टोकदार कमानी, वर वर चढत जाणारी नजर.

मग तीस वर्षांच्या आत काय बदललं? आपल्याला नववी-दहावीच्या इतिहासात ‘युरोपातील प्रबोधन’ हा धडा होता. बाई कारणं लिहायला सांगत आणि आपण १४५३ पासून सुरुवात करून पान भरत असू. त्या धड्यातली गोष्ट इथे दगडात दिसते. इटलीत सुरू झालेली नवी दृष्टी फ्रान्सच्या राजांच्या इटलीवरच्या स्वाऱ्यांमुळे आणि व्यापाऱ्यांच्या जाण्यायेण्यामुळे उत्तरेकडे पसरली. १५३० मध्ये बेर्नुईने लुई प्रिव्हा नावाच्या पाथरवटाकडून दर्शनी चौक करून घेतला. तो तुलूझमधल्या प्रबोधनशैलीच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी आहे. इथे टोकदार कमान नाही. तिच्या जागी जवळपास सपाट वाटावी अशी, खूप रुंद आणि बसकी कमान आहे आणि तिच्या पोटाला चौकोनी कोरीव घरं आहेत. इतकी बसकी कमान पेलून धरणं अवघड असतं, कारण भार खाली न जाता बाजूंना रेटतो. खांब समईसारखे, मधे फुगीर आणि पुन्हा निमुळते होत जाणारे. हा घाट स्पेनकडे आवडता होता, आणि बेर्नुईचं माहेर तिकडचंच. भिंतीवर गोल चौकटींत माणसांचे चेहरे कोरले आहेत. देवाच्या आणि संतांच्या जागी साध्या माणसाचा चेहरा येणं, हेच तर आपण त्या धड्यात ‘मानवतावाद’ या शब्दाखाली पाठ केलं होतं.

माझ्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट वेगळीच आहे. १५३० मध्ये बेर्नुईकडे पैशाची कमतरता नव्हती. नवी फॅशन आली होती, मागचा चौक जुन्या वळणाचा दिसू लागला होता. तो पाडून सगळंच नव्या धाटणीत करणं त्याला सहज शक्य होतं. त्याने तसं केलं नाही. मनोरा ठेवला, विटांचा चौक ठेवला, आणि नवं काम पुढच्या बाजूला उभं केलं. दोघांच्या मधली टोकदार छताची वाटसुद्धा तशीच राहिली. म्हणून आज एकाच दारातून आत गेल्यावर आपल्याला एका युगातून दुसऱ्या युगात जाता येतं.

राजाची खंडणी

बेर्नुईच्या पतीची एक कथा तुलूझमध्ये हमखास सांगितली जाते. १५२५ मध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याच्या हाती लागला. त्याला स्पेनमध्ये कैदेत ठेवण्यात आलं. स्वतःच्या सुटकेसाठी त्याला आपले दोन लहान मुलगे ओलीस द्यावे लागले, आणि १५२९ च्या तहात त्यांच्या सुटकेची किंमत ठरली वीस लाख सोन्याची नाणी. या व्यवहारात जामीन म्हणून जी नावं चालली त्यांत बेर्नुईचं नाव घेतलं जातं. स्पेनमध्ये त्याच्या घराण्याला ओळखत, फ्रान्समध्ये त्याचा माल होता, आणि दोन्ही बाजूंना त्याच्या शब्दाला किंमत होती. पुढे १५३३ मध्ये राजा तुलूझला आला. त्याच सुमारास हा दर्शनी चौक तयार होत होता आणि बेर्नुई कापितूल झाला होता. एका रंगाच्या व्यापाऱ्याच्या आयुष्यातलं ते माध्यान्ह.

आपली नीळ

माध्यान्हानंतर सूर्य उतरणीला लागतोच. १५६० च्या आसपास पास्तेलचा धंदा कोसळला. माल बाजाराला पेलेल त्यापेक्षा जास्त झाला होता आणि त्याचा दर्जा घसरला होता. १५६२ पासून फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची धर्मयुद्धं पेटली. त्या वर्षीच्या मे महिन्यात खुद्द तुलूझच्या रस्त्यांवर कत्तली झाल्या. पास्तेलच्याच पैशांतून उभा राहिलेला आणखी एक प्रसिद्ध वाडा, प्येर दासेझा याचा, याच काळात अर्धवट राहिला. त्याच्या चौकाची एक बाजू आजही कोरी आहे, कारण मालक प्रोटेस्टंट होता आणि त्याला शहर सोडावं लागलं.

आणि याच काळात पूर्वेकडून एक प्रतिस्पर्धी येत होता. तो होता आपल्या देशातली नीळ.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर हिंदुस्थानातली नीळ समुद्रमार्गे थेट युरोपात जाऊ लागली. अहमदाबादजवळच्या सरखेजची आणि आग्र्याजवळच्या बयानाची नीळ नावाजलेली होती. पुढे सुरतेत इंग्रज आणि डच वखारी आल्या तेव्हा त्यांच्या खरेदीतही ती असे. शास्त्रीय दृष्ट्या पास्तेलमधला आणि निळीतला रंगद्रव्याचा रेणू एकच आहे. पण निळीच्या झाडात तो कितीतरी पटींनी जास्त. म्हणजे तेवढंच कापड रंगवायला आपली नीळ थोडी पुरायची.

युरोपातल्या पास्तेल पिकवणाऱ्यांनी जिवाच्या आकांताने विरोध केला. जर्मन मुलखात निळीला ‘सैतानाचा रंग’ म्हटलं गेलं. फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये नीळ वापरणाऱ्याला देहदंडाची शिक्षा फर्मावली. तरी नीळ थांबली नाही, आणि १७३७ मध्ये फ्रेंच रंगाऱ्यांना ती वापरायची मोकळीक मिळाली. नंतर नेपोलियनच्या काळात इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला तेव्हा त्याने पास्तेलची शेती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला, पण तो त्याच्या साम्राज्याबरोबरच संपला. तुलूझचा पास्तेल बुडाला तो एकट्या आपल्या निळीने नव्हे, पण तो पुन्हा वर आला नाही याला निळीचा मोठा हातभार होता.

आणि निळीचं तरी काय झालं? १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती मोडीत निघाली. दर पडले तेव्हा बिहारमधल्या मळेवाल्यांनी तो बोजा कुळांवर टाकला, आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले. हेही आपल्याच पुस्तकात होतं, फक्त वेगळ्या इयत्तेत. त्या दोन धड्यांच्या मधला धागा मला तुलूझच्या एका चौकात उभं राहिल्यावर दिसला. आपल्या गणवेशाच्या निळ्या अर्ध्या चड्डीचा रंगही अर्थातच कारखान्यातलाच. पण एके काळी या रंगासाठी राजे जामीन शोधत होते आणि शेतकरी देशोधडीला लागत होते.

वाड्यात शाळा

धंदा गेला, घराण्याचं वैभव ओसरलं. अशा वेळी मोठ्या वाड्यांचं काय होतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको. वाटण्या होतात, भाडेकरू येतात, वाळवी लागते आणि शेवटी बिल्डर येतो. बेर्नुईच्या वाड्याचं नशीब वेगळं निघालं. १५६० च्या दशकात, शहर धार्मिक दंगलींतून सावरत असताना, तो जेझुइट संघाच्या विद्यालयाकडे आला. मुलांना लॅटिन, वक्तृत्व आणि तत्त्वज्ञान शिकवणारं हे विद्यालय कॅथलिक धर्माची बाजू भक्कम करण्यासाठी काढलेलं होतं, यात शंका नाही. पण त्यामुळे वाड्याला विद्यार्थी मिळाले.

जेझुइट संघ आपल्याला परका नाही. त्याच शतकात या संघाचे लोक गोव्यात होते. तिथल्या त्यांच्या सेंट पॉल विद्यालयात १५५६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला. आणि ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत लिहिणारे फादर स्टीफन्स हे याच संघाचे. ते पुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे तुलूझच्या वाड्यात मुलं लॅटिनचे पाठ घोकत होती तेव्हा त्याच संघाचा एक माणूस मांडवीच्या मुलखात मराठीचं कौतुक करत ओव्या रचत होता.

सन १७६० च्या दशकात जेझुइटांना फ्रान्समधून घालवण्यात आलं. शिक्षक गेले, शाळा राहिली, ती राजाच्या नावाने चालू झाली. १७८९ ची क्रांती झाली, राजा गेला, शाळा पुन्हा नव्या नावाने उभी राहिली. नेपोलियनने १८०२ मध्ये ‘लिसे’ म्हणजे सरकारी उच्च विद्यालयांची पद्धत घातली, आणि १८०६ मध्ये ही शाळा तुलूझचं लिसे झाली. त्या काळच्या लिसेमध्ये मुलांना लष्करी थाटाचा गणवेश असे आणि तास सुटला की घंटेऐवजी ढोल वाजे. राजवटी बदलल्या, दारावरची पाटी बदलली, फळ्यावरचे विषय बदलले. सकाळी मुलांनी त्या दारातून आत जायचं, एवढं मात्र चालू राहिलं.

आज या शाळेचं नाव आहे ‘लिसे प्येर द फर्मा’. गणिताच्या सरांना हे वाचून आनंद होईल. हा तोच फर्मा. पेशाने तुलूझच्या न्यायालयातला न्यायाधीश, गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. पायथागोरसचं अ² + ब² = क² आपल्याला ठाऊक आहे, ३, ४, ५ किंवा ५, १२, १३ हे आकडे त्यात बसतात. फर्माने एका जुन्या ग्रंथाच्या समासात लिहून ठेवलं की वर्गाऐवजी घन किंवा त्यापुढचा कोणताही घात घेतला तर असे पूर्णांक सापडणारच नाहीत, आणि याची सुंदर सिद्धता माझ्याकडे आहे, पण ती या समासात मावणार नाही. ती सिद्धता मिळायला साडेतीनशे वर्षं लागली. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ मध्ये छापून आली. समासात जागा पुरली नाही ही सबब चाचणीच्या पेपरात आपण दिली असती तर सरांनी काय केलं असतं, ते लिहायला नको.

ही शाळा आज बारावीनंतरच्या तयारीच्या वर्गांसाठी प्रसिद्ध आहे. देशातल्या मोठ्या अभियांत्रिकी आणि विज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षांसाठी मुलं तिथे दोन वर्षं घासून अभ्यास करतात. एरवी शाळा चालू असते, म्हणून बाहेरच्या माणसाला आत मोकळेपणाने फिरता येत नाही. सप्टेंबरमध्ये वारसा दिनाच्या शनिवार-रविवारी फ्रान्समधल्या अशा अनेक वास्तू लोकांना खुल्या होतात, तेव्हाच मी हे दोन्ही चौक निवांत पाहिले. इमारतीवर शाळेच्या वापराच्या खुणा होत्या, सूचनाफलक होते. पाचशे वर्षांच्या कोरीव कामाखाली दप्तर टेकवायची मुलांना सवयच झालेली असणार.

शेजारचा मठ

जुनी वास्तू वापरात राहिली की टिकते असं आपण सहज म्हणतो. पण त्या वाड्याच्या अगदी शेजारीच याची दुसरी बाजू उभी आहे. तिथे जाकोबँ नावाचा डॉमिनिकन साधूंचा मठ आहे. त्याचं विटांचं चर्च तेराव्या-चौदाव्या शतकातलं. त्यातल्या शेवटच्या खांबातून छताला २२ फासळ्या फुटतात, माडाच्या झावळ्यांसारख्या. क्रांतीनंतर साधू गेले आणि नेपोलियनच्या काळात ती वास्तू लष्कराच्या ताब्यात गेली. चर्चमध्ये मधेच लाकडी मजले टाकले, खाली घोडे बांधले, खिडक्या बुजवल्या. वापर होताच, पण त्या वापराला वास्तूशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे ती पूर्ववत करण्याचं काम विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत चाललं.

शहरात सरळ रुंद रस्ते काढायची लाट एकोणिसाव्या शतकात आली, तेव्हा तुलूझमधली कितीतरी जुनी घरं त्या आखणीखाली गेली. बेर्नुईचा वाडा वाचला. तो रस्त्याच्या रेषेत नव्हता हे एक, आणि तो रिकामा नव्हता हे दुसरं. ज्या घरात रोज शेकडो मुलं शिकतात ते घर जुनाट म्हणून सहजासहजी निकालात निघत नाही. आपल्याकडेही पुण्यात नाना फडणिसांच्या वाड्यात शाळा भरली, आणि पेशवाईतल्या कितीतरी वाड्यांचं आता नुसतं नाव उरलं असताना नाना वाडा उभा आहे.

आपली इमारत

मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, आता माझं मत.

आपल्या जुन्या इमारतीला पाचशे वर्षांचा इतिहास नाही. तिच्यासाठी कुणी राजाला जामीन राहिलं नाही. दगडी जोतं, कौलारू छप्पर, मधला लाकडी जिना आणि पाच खोल्या, एवढीच ती आहे. कौलं गळतात, जिन्याच्या दोन पायऱ्या धोक्याच्या झाल्या आहेत, आणि मुलांची संख्या वाढल्यामुळे खोल्या पुरत नाहीत. नवी इमारत हवी, याबद्दल माझं दुमत नाही. प्रयोगशाळा हवी, मुलींसाठी नीट स्वच्छतागृहं हवीत. आठवणींसाठी मुलांची गैरसोय करायचा आपल्याला अधिकार नाही.

पण बेर्नुईच्या वाड्याने मला एवढं शिकवलं की नवं बांधण्यासाठी जुनं पाडलंच पाहिजे असं नाही. मैदानाच्या मागच्या बाजूला जागा आहे. नवी इमारत तिथे उभी राहू शकते. जुन्या इमारतीची कौलं आणि जिना दुरुस्त करून तिथे बालवाडी, ग्रंथालय आणि चित्रकलेचा वर्ग भरवता येईल. तिचं संग्रहालय मात्र करू नये. कुलूप लावून फुलांचे हार घातलेली इमारत दहा वर्षांत पडते. तिच्यात मुलं हवीत, गोंगाट हवा, भिंतीवर रंगीत खडूचे डाग हवेत.

आणि एक. बेर्नुईने तो वाडा शाळेसाठी बांधला नव्हता. स्वतःचं नाव राहावं म्हणून बांधला होता. आज त्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आणि एका पाटीवर आहे. वाडा जिवंत ठेवला तो त्यानंतर आलेल्या मुलांनी, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आपलीही नसणार. आपल्या बॅचच्या पंचेचाळीस जणांपैकी कुणाच्या नावाची पाटी त्या इमारतीवर लागावी अशी माझी अजिबात इच्छा नाही. पुढच्या जूनमध्ये पहिलीतल्या मुलांनी त्याच जोत्याच्या पायऱ्या चढून आत जावं, एवढं झालं तरी पुष्कळ.

सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज आधी काढून घ्यावा आणि मगच निर्णय करावा, अशी माझी विनंती आहे. त्या अंदाजपत्रकाचा खर्च मी उचलतो. बाकीचं आपण सगळे मिळून ठरवू.